गुप्त मोहिमेतला आपला वाटा जवानाने सांगावा का? सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात मिलिट्रीत कोणी नाही अशी भावकी शोधावी लागते. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, थोरला भाऊ पॅरात, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणाऱ्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये. मी मात्र शाळामास्तर झालो. नोकरी संपल्यावर आसपासच्या गावांतल्या पेन्शनर जवानांचे अर्ज लिहून देणे, कोणाची आठवणींची वही नीट करून देणे हे काम आपोआप अंगावर आले आणि त्यामागोमाग हे प्रश्नही आले. मे 2025 मधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर ते फार वाढले, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जवानाने नोकरी अभिमानाने सांगावी, मोहिमेतला वाटा सांगू नये. असे का म्हणतो आणि हा नियम कुठे बाजूला ठेवावा लागतो, ते पुढे आहे. मी वकील नाही. कायद्याची अडचण असेल तर आपले रेकॉर्ड ऑफिस किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.

1. आमच्या गावात चार-पाच जणांना "कमांडो" म्हणतात. खरे कमांडो कोण?

बेळगावकरांना हा शब्द घरचा वाटतो, कारण इन्फंट्री स्कूलची कमांडो विंग बेळगावातच आहे. पायदळाच्या पलटणीत एक "घातक" प्लॅटून असते. तिचे अधिकारी आणि जवान इथे कमांडो कोर्स करतात. असा कोर्स केलेला माणूस स्वतःला कमांडो म्हणवतो, त्यात खोटे काही नाही.

स्पेशल फोर्सेस मात्र वेगळे. लष्करात पॅरा (स्पेशल फोर्सेस), नौदलात 1987 साली उभे राहिलेले मार्कोस, हवाई दलात 2004 पासूनचे गरुड. 1984 ची एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल) गृह मंत्रालयाखाली येते. तिच्या हल्ला करणाऱ्या तुकड्यांतले जवान लष्करातून प्रतिनियुक्तीवर जातात. सीआरपीएफचे कोब्रा 2008 चे, आणि त्यांची जंगलयुद्धाची शाळा आपल्या खानापूर तालुक्यात तोराळीला आहे.

मराठा पलटणींचे आणि पॅराचे नातेही जुने आहे. 11 डिसेंबर 1971 ला आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला विमानांतून उतरलेली 2 पॅरा ही मूळची मराठा पलटण. 1990 च्या दशकात 21 मराठाची 21 पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. त्यामुळे "गुप्त मोहीम" हा विषय आपल्याकडे पेपरात वाचून सोडून देण्याचा नाही, तो आपल्या चुलत्या-मामांच्या घरातला आहे.

2. गुप्त म्हणजे नेमके काय? मोहिमेची बातमी तर पेपरात येते.

मोहीम झाली हे कळणे एक, ती कशी झाली हे कळणे दुसरे आणि ती कोणी केली हे कळणे तिसरे. सरकार पहिली गोष्ट कधी कधी उघड करते. दुसरी आणि तिसरी बहुधा झाकलेली राहते. पेपरात आले म्हणजे सगळेच उघडे झाले, हा समज चुकीचा आहे (प्रश्न 6 पाहा).

3. "त्या मोहिमेत मी होतो" एवढेच सांगितले, बाकी काहीच नाही. त्याने काय बिघडते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडे सविस्तर.

"मी होतो" या वाक्यावर ते कधीच थांबत नाही. ऐकणारा विचारतो, किती जण होता? चालत गेला की हेलिकॉप्टरने? वाट कोणी दाखवली? जत्रेत, लग्नाच्या मांडवात, पंगतीला बसल्यावर समोर कौतुकाने भरलेले डोळे असतात आणि माणूस हळूहळू सांगत जातो. रात्री किती वाजता निघालो, नाला कुठून ओलांडला, परत यायला किती वेळ लागला. यातले एकेक वाक्य निरुपद्रवी दिसते. पण तीच वाट, तीच पद्धत, तेवढ्याच माणसांची टोळी पुढच्या वेळी दुसऱ्या पोरांना वापरायची असते.

दुसरी गोष्ट वाटाड्याची. अशा बहुतेक कामांत कोणी तरी स्थानिक माणूस बातमी देतो किंवा वाट दाखवतो. आपला जवान पेन्शनवर येऊन गावच्या पारावर बसतो. तो वाटाड्या अजून त्याच डोंगरात, त्याच शत्रूच्या शेजारी राहत असतो. "एका गुराख्याने सांगितले" एवढ्या तीन शब्दांनी त्याच्या घरावर काय येईल, याचा विचार पारावर बसलेल्यांपैकी कोणी करत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याच घराची. हल्ली नावावरून गाव आणि गावावरून घर सापडायला एक दिवस लागत नाही. ऑपरेशन सिंदूरची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर बेळगाव जिल्ह्यातले. ते कळताच त्या घरावर हल्ला झाल्याची खोटी पोस्ट देशभर फिरली आणि असे काही घडलेले नाही हे बेळगाव पोलिसांना पुढे येऊन सांगावे लागले. त्यांना तर लष्करानेच कॅमेऱ्यासमोर बसवले होते आणि मागे सगळी यंत्रणा उभी होती. खानापूरच्या जंगलातल्या वाडीत राहणाऱ्या निवृत्त नाईकाच्या मागे कोण उभे राहणार?

चौथी गोष्ट मोबाइलची. मोठ्या मोहिमेचे नाव लागले की अनोळखी बायकांच्या नावाने मैत्रीच्या विनंत्या येऊ लागतात, आणि त्यांमागे माहिती काढू पाहणारा शत्रूचा हेर असू शकतो. याच कारणामुळे जुलै 2020 मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप काढून टाकायला सांगितले होते.

4. नोकरीत असताना कायदा काय सांगतो?

इथे शंकेला जागा नाही. आर्मी रूल्स 1954 च्या नियम 21 प्रमाणे नोकरीतल्या माणसाला सेवेशी संबंधित माहिती परवानगीशिवाय छापता येत नाही आणि वर्तमानपत्राला देता येत नाही, थेट नाही आणि आडूनही नाही. भाषणातही नाही. बोलण्याचा हक्क सर्वांना आहे, पण सैन्यदलांपुरता तो आवळण्याचा अधिकार संविधानाच्या कलम 33 ने संसदेला दिला आहे. भावाच्या अकाउंटवरून पोस्ट टाकली तर चालेल का, असेही विचारतात. नाही.

5. पेन्शनवर आल्यावर तरी मोकळीक आहे ना?

वर्दी उतरते, ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट 1923 उतरत नाही. त्याचे कलम 5 आज पदावर असलेल्यांना लागू आहे, तसेच पूर्वी पदावर असलेल्यांनाही आहे. पदामुळे हाती आलेली गुप्त माहिती अधिकार नसलेल्याला दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती देशाच्या हिताला बाधक हेतूने गोळा केली किंवा प्रसिद्ध केली तर कलम 3 लागते, आणि संरक्षणाच्या बाबतीत ती शिक्षा 14 वर्षांपर्यंत जाते. मोठ्या हुद्द्याचा माणूस सुटतो असेही नाही. रॉ या परदेशांत काम करणाऱ्या गुप्तचर संस्थेत काम केलेले निवृत्त मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनी 2007 मध्ये पुस्तक काढले, तेव्हा सीबीआयने त्यांच्यावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला.

सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ, एनएसजी या दलांत नागरी पेन्शन नियमांखाली असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. 2021 मध्ये केंद्राने ते नियम कडक केले. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या (त्या कायद्यातून वगळलेल्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांच्या यादीतल्या) संस्थांतून निवृत्त होणाऱ्याला हमीपत्र द्यावे लागते की संस्थेच्या कामाविषयी पूर्वपरवानगीशिवाय काही प्रसिद्ध करणार नाही. मोडले तर पेन्शनवर गदा येते. लष्करातल्या जवानांची पेन्शन वेगळ्या नियमांनी चालते, त्यामुळे ही तरतूद त्यांना तशीच लागू नाही. 1923 चा कायदा मात्र सर्वांना आहे.

6. सरकारनेच सर्जिकल स्ट्राइक जाहीर केला, व्हिडिओही दाखवला. मग जवानानेच गप्प का बसायचे?

प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याच्या मनातली खंत मला कळते. 18 सप्टेंबर 2016 ला उरीत हल्ला झाला. 29 सप्टेंबरला लष्करी कारवायांचे महासंचालक लेफ्टनंट जनरल रणबीर सिंग यांनी नियंत्रण रेषेपलीकडच्या कारवाईची घोषणा केली. 2018 मध्ये चित्रफितीही बाहेर आल्या. उरीच्या आदल्या वर्षी, जून 2015 मध्ये, मणिपुरात 18 जवान मारले गेल्यावर म्यानमार सीमेवर झालेली कारवाईही लष्कराने स्वतःच सांगितली होती.

पण ती घोषणा आठवून पाहा. रणबीर सिंगांच्या निवेदनात वाट नव्हती, माणसांची नावे नव्हती, संख्या नव्हती. किती उघडायचे हे सगळे चित्र समोर असलेल्याने ठरवले होते. एका तुकडीतल्या जवानाला आपल्यापुरते चित्र दिसते. आपल्या वाक्याने दुसरीकडे काय उघडे पडेल हे त्याला दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पुढाऱ्यांनी अशा मोहिमा प्रचारसभेत वापराव्यात का? माझ्या मते मुळीच वापरू नयेत, मग पक्ष कोणताही असो. नेता व्यासपीठावरून जितके बोलतो तितके गावच्या जवानाला वाटते की आता लपवायचे काय राहिले. जीभ सुटण्याची सुरुवात बऱ्याचदा वरूनच होते.

7. शौर्यपदक मिळाले आहे. आता तर सांगायला हरकत नाही?

पदक जाहीर होते, राजपत्रात नाव येते, प्रशस्तिपत्राचा काही मजकूर प्रसिद्ध होतो. 2016 च्या कारवाईसाठी 2017 च्या प्रजासत्ताक दिनी 4 पॅरा आणि 9 पॅराच्या जवानांना पदके मिळाली, त्यांत मेजर रोहित सुरी यांचे कीर्ती चक्र होते. जो मजकूर सरकारने छापला तो वाचून दाखवावा, फ्रेम करून भिंतीवर लावावा, पोरांना पाठ करून घ्यावा. त्याच्या पलीकडची ओळ आपण जोडू नये. सत्कार समितीवाले "थोडे रंगवून सांगा" म्हणतात, तेव्हा प्रशस्तिपत्राचा कागदच वाचायला द्या.

8. अमेरिकेतले कमांडो पुस्तके लिहितात, मुलाखती देतात. त्यांचे कुठे काय बिघडले?

बिघडले. 2 मे 2011 ला अबोटाबादेत ओसामा बिन लादेनला मारणाऱ्या नेव्ही सील (अमेरिकी नौदलाचे कमांडो) तुकडीतल्या मॅट बिसोनेट यांनी 2012 मध्ये टोपणनावाने पुस्तक काढले. नियमाप्रमाणे हस्तलिखित आधी संरक्षण खात्याला दाखवायचे असते; त्यांनी दाखवले नाही. 2016 मध्ये तडजोड झाली आणि पुस्तकावर मिळालेले 60 लाख डॉलरहून अधिक पैसे सरकारला द्यायचे त्यांना कबूल करावे लागले. टोपणनावाचेही काही खरे नव्हते, पुस्तक बाजारात येण्याआधीच त्यांचे खरे नाव फुटले होते.

2014 मध्ये दुसरे माजी सील रॉबर्ट ओनील पुढे आले आणि ती गोळी आपण झाडली असे म्हणाले. दोघांची हकिगत जुळत नाही. एकाच जिन्याने वर गेलेली दोन माणसे जगासमोर दोन गोष्टी सांगत राहिली. त्याच सुमारास सीलचे प्रमुख रिअर ॲडमिरल ब्रायन लोसी यांनी आपल्या माणसांना पत्र लिहून आठवण करून दिली की कामाची जाहिरात करायची नाही आणि नावलौकिक मागायचा नाही, हे आपल्या ब्रीदातच आहे.

ब्रिटनचे उदाहरण मला याहून जास्त बोचते. 1991 च्या आखाती युद्धात इराकमध्ये घुसलेल्या एसएएसच्या (ब्रिटिश लष्कराच्या स्पेशल फोर्सेसच्या) आठ जणांच्या गस्ती तुकडीतले तिघे मेले, चौघे पकडले गेले, एकजण चालत सीरियात पोचला. पुढे वाचलेल्यांनी आपापली पुस्तके काढली. त्यांत मेलेल्या एका सार्जंटवर दोष टाकला गेला. त्याला उत्तर देता येणार नव्हते. त्याच्या घरच्यांना त्याचे नाव साफ करण्यासाठी झगडावे लागले. 1996 पासून ब्रिटिश स्पेशल फोर्सेसमध्ये राहायचे तर गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते. जो परत आला नाही त्याची बाजू कोण मांडणार, या एका प्रश्नापुढे मला बाकीची सगळी कारणे दुय्यम वाटतात.

9. मग तानाजीचा पोवाडा आपण का गातो? तीही गुप्त मोहीमच होती.

सातवीतल्या एका मुलीने हे विचारले, आणि मला तो प्रश्न फार आवडला. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री मावळे कडा चढून कोंढाण्यावर गेले. मराठा लाइट इन्फंट्री तोच दिवस आजही मराठा दिन म्हणून पाळते. पण तो पोवाडा तानाजीने स्वतः गायलेला नाही. तो पडला, मग इतरांनी त्याला गायले.

आणि बहिर्जी नाईक पाहा. 1664 च्या सुरतेच्या स्वारीआधी बातमी काढून आणणारा महाराजांचा हेर. त्याच्याविषयी बखरीत सापडते ते ओंजळभर. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात (आपले खानापूर नव्हे) बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात. त्याने तोंड उघडले असते तर आपल्याला कितीतरी कळले असते. पण मग तो बहिर्जी राहिला नसता.

10. पेन्शनवर आलेल्या जवानाची मिरवणूक काढायची आहे. फ्लेक्सवर काय लिहावे?

मिरवणूक काढाच. उघडी जीप, हार, गुलाल, ओवाळायला उभ्या सुवासिनी, हे आपल्या सीमाभागाचे वैभव आहे. कन्नड-मराठी सगळे एकत्र येतात, असे प्रसंग थोडेच उरलेत.

माझ्या दादाच्या वेळचे सांगतो. तरुण मंडळाच्या पोरांनी वेशीवर पंधरा फुटी फ्लेक्स लावला. मरून टोपीतला फोटो, युनिटचा आकडा, आणि खाली मोठ्या अक्षरांत एका मोहिमेचे नाव घालून "या मोहिमेतील वाघ". पोरांनी वर्गणी काढून, मनापासून केले होते. दादा आदल्या रात्री बेळगावला उतरला आणि शेवटच्या बसने गावात आला. वेशीवर फ्लेक्स पाहून तो घरी आलाच नाही. आधी माझ्या पुतण्याला फोन करून शिडी मागवली आणि रात्री बाराला दोघांनी तो उतरवला. सकाळी मंडळाची पोरे रडकुंडीला आली, वहिनी रागावल्या, आई म्हणाली की अपशकुन केलास. दादा अंगणात बसून एवढेच म्हणाला, "माझ्या जोडीचे दोघे अजून तिथंच हायेत. ते घरी येऊ देत, मग लावा." मग कोणी काही बोलले नाही. दुपारी जीप निघाली तेव्हा जीपवर पुठ्ठ्याची पाटी होती, "सेवानिवृत्त सुभेदार", खाली नाव. तो फ्लेक्स पुढे तीन पावसाळे आमच्या गोठ्यावर उलटा अंथरलेला होता.

तर फ्लेक्सवर नाव, हुद्दा, सेवेची वर्षे आणि जाहीर झालेली पदके घाला. मोहिमेचे नाव, ठिकाण, सोबत्यांचे फोटो नकोत. नोकरीतल्या इतर जवानांचे चेहरे असलेला ग्रुप फोटो तर कधीच नको.

11. शाळेत किंवा साहित्य संमेलनात बोलायला बोलावले आहे. मोहीम नाही तर बोलायचे काय?

भरपूर आहे. भरतीच्या रांगेत पहाटे तीनपासून उभे राहणे, ट्रेनिंगमधले पहिले दहा दिवस, घरून येणारे पत्र, सियाचिनची थंडी, मद्रासी-गढवाली-नागा जोडीदारांकडून शिकलेली भाषा, आई वारल्याची तार उशिरा मिळणे. कडोलीपासून उचगावपर्यंत आपल्या गावांत संमेलने होतात. त्यांत जवानाचे भाषण सगळ्यात शांततेत ऐकले जाते, आणि लोकांना रडवते ते नेमके हेच.

12. भरती अकॅडमी काढली आहे. जाहिरातीत "अमुक स्ट्राइकमधील कमांडो" लिहू का?

नाही. लिहाल तर पोरे चार जास्त येतील, पण पहिल्या दिवशीच तुम्ही त्यांना हे शिकवाल की गुपित विकता येते. "निवृत्त हवालदार, पॅराशूट रेजिमेंट" एवढे पुरेसे वजनदार आहे. सुरक्षा एजन्सीत नोकरीसाठी अर्ज करतानाही हाच नियम. तुमचे डिस्चार्ज बुक आणि कोर्सचे दाखले बोलतात.

13. बायकोला तरी सांगावे की नाही?

तपशील नाही. पण "मी सांगू शकत नाही" हे तरी सांगावे. नुसत्या मौनाने घर पोखरते. वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या, "ते कुठं होते ते मला नको, ते आता माझ्याजवळ आहेत का तेवढं कळू दे." नवऱ्याच्या गुपितामुळे बायकोला एकाकी पडावे लागू नये, ती काळजी दोघांनी घ्यायची.

14. रात्री झोप लागत नाही, स्वप्ने पडतात. डॉक्टरला सांगायचे की तेही गुपित?

सांगायचे, आणि उशीर न करता. डॉक्टरला ठिकाण, तारीख, मोहिमेचे नाव लागत नाही. काय पाहिले, कोण गेला, कशाचा आवाज आला की अंग थरथरते, हे लागते. तेवढे सांगितल्याने कुठलेही गुपित फुटत नाही. लष्करी रुग्णालय आणि माजी सैनिकांची ईसीएचएस ही उपचारांची सोय यासाठीच आहे. गुप्ततेच्या नावाखाली दारूत बुडालेली माणसे मी पाहिली आहेत. देशाने त्यांना मोहिमेबद्दल गप्प राहायला सांगितले होते, आपल्या दुखण्याबद्दल नव्हे.

15. मुलगा मोहिमेत शहीद झाला. आम्हाला काय झाले ते जाणून घ्यायचा हक्क नाही का?

आहे. या एका ठिकाणी मी लष्कराकडे जास्त मोकळेपणा मागेन. युनिटचा अधिकारी घरी येतो तेव्हा घाईत असतो आणि तुम्ही शुद्धीवर नसता. तेरावा झाल्यावर, चार-सहा महिन्यांनी कमांडिंग ऑफिसरला पत्र लिहा आणि भेट मागा. शेवटी त्याच्याजवळ कोण होते, त्याला वेदना झाल्या का, तो काही म्हणाला का, याची उत्तरे ठिकाण न सांगताही देता येतात आणि चांगला अधिकारी ती देतो.

टीव्हीवाले दारात येतात तेव्हा फोटो आणि बालपण द्या. त्याने फोनवर सांगितलेले काही आठवत असेल तर ते तुमच्यापाशी ठेवा. 26/11 च्या वेळी मुंबईत कारवाई चालू असताना झालेल्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या निकालात कडक शब्दांत बोट ठेवले. 2015 पासून दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करायला नियमानेच बंदी आहे.

16. मोहिमेत काही चुकीचे घडले, निरपराध माणूस मारला गेला, तर तेही पोटात ठेवायचे?

नाही. आपली बहादुरी झाकणे हा गुण आहे, गुन्हा झाकणे हा गुण नाही. या दोन मौनांची गल्लत करू नये.

मात्र बोलायचे कुठे, हे महत्त्वाचे. आधी वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 26 (अधिकाऱ्यांसाठी 27) प्रमाणे तुमच्यावर अन्याय झाला असेल तर तक्रारीची वाट आहे, पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, न्यायालये आहेत. गुपिताचा भाग असेल तर लोकांना बाहेर ठेवून सुनावणी घ्यायची तरतूद 1923 च्या कायद्याच्या कलम 14 मध्येच आहे.

ऑस्ट्रेलियात असे झाले. तिथल्या स्पेशल फोर्सेसनी अफगाणिस्तानात 39 जणांना बेकायदा मारल्याची विश्वासार्ह माहिती असल्याचे 2020 च्या ब्रेरेटन अहवालाने सांगितले. तो अहवाल उभा राहिला तो चौकशीपुढे बोललेल्या सैनिकांच्या जबानीवर. दुसरीकडे डेव्हिड मॅकब्राइड या लष्करी वकिलाने कागद पत्रकारांना दिले आणि 2024 मध्ये त्याला पाच वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. ती शिक्षा मला न्याय्य वाटत नाही, हेही इथे लिहून ठेवतो. पण कोणी माझा सल्ला विचारला तर मी त्याला चौकशीच्या दारातूनच जायला सांगेन.

17. म्हणजे कधीच सांगायचे नाही? इतिहास कसा लिहायचा मग?

वेळ येते. कॅप्टन मोहन नारायण राव सामंत यांचे उदाहरण घ्या, आपल्याच भाषेतला माणूस. 1971 मध्ये नौदलाने पलाशीजवळ बंगाली तरुणांना पाण्याखाली सुरुंग लावायला शिकवले. 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज इथल्या जहाजांखाली ते सुरुंग फुटले. निघण्याची खूण आकाशवाणीवर लागलेल्या गाण्यांतून दिली होती. त्या कामात सामंत होते, डिसेंबरमधल्या त्यांच्या पराक्रमाला महावीर चक्रही मिळाले, पण लोकांना ही सारी कथा नीट कळायला काही दशके गेली. 2019 मध्ये ते गेले.

संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये धोरण आणले की युद्धे आणि मोहिमांची कागदपत्रे साधारण 25 वर्षांत खुली करावीत आणि इतिहास समितीकडून लिहून घ्यावा. 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मागितली की द्यावी लागते, ही माहिती अधिकारातली अट पुष्कळजण सांगतात, पण देशाच्या सुरक्षेचा अपवाद 20 वर्षांनंतरही टिकतो, हे लक्षात ठेवा.

आठवणींची वही जरूर लिहा. माझे घर तर त्या कामासाठी उघडेच आहे. फक्त मोहिमेची पाने लिहायची झाली तर आधी युनिटला विचारा. त्यांचा मोबाइलवर फोटो काढू नका, टायपिंगवाल्याकडे देऊ नका. छापायचे असेल तर हस्तलिखित आधी लष्कराकडे मंजुरीसाठी जाते, मग प्रकाशकाकडे.

18. आमच्याकडे एकजण मोठमोठ्या मोहिमा सांगतो. खरा की खोटा कसे ओळखावे?

खरा माणूस बहुधा सांगत नाही, पहिली खूण हीच. कोर्सचे वर्ष, पलटण, सेंटर कुठले, हे सहज विचारा. पॅरावाला बेंगळूरूचे सेंटर सांगेल, मराठावाला बेळगावचे. सैनिक नसताना तसे भासवायला वर्दी किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. तरीही चारचौघांत फजिती करू नका. काही वेळा तो खरोखर जवान असतो, फक्त त्याची नोकरी स्वयंपाकघरात किंवा स्टोअरमध्ये गेलेली असते, आणि ती कमी आहे असे त्याला आपणच वाटायला लावलेले असते.

19. माझ्या कामाचे श्रेय दुसराच घेतो आहे. तरीही गप्प बसू?

याचा जाळ मोठा असतो, दादाच्या तोंडावर मी तो पाहिला आहे. पण चॅनेलवर जाऊन "तो नव्हे, मी" म्हटले की काय होते ते प्रश्न 8 मध्ये आहे. युनिटला खरे माहीत असते, त्या रात्रीच्या नोंदी तिथे आहेत. कमांडिंग ऑफिसरच्या नावे साधे पत्र लिहा. त्यात आपला आर्मी नंबर, सेवेची वर्षे, सध्याचा पत्ता आणि "माझ्या सेवेसंबंधी एका नोंदीबाबत समक्ष बोलायचे आहे" एवढेच घाला. मोहिमेचे नाव किंवा तपशील टपालाने पाठवू नका. स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर आले नाही तर तेच पत्र रेकॉर्ड ऑफिसमार्फत पुन्हा पाठवा. अर्ज लिहायला मी आहेच.